संगणक-शिक्षणाच्या पायऱ्या

आठवड्यांतून एकदां संगणकाचा तास येतो. वर्ग रांगेनें त्या खोलीपाशीं जातो, चपला दाराबाहेर ठेवतो आणि आंत जाऊन भिंतीच्या कडेनें बसतो. टेबलावर एक यंत्र असतें. धूळ बसूं नये म्हणून त्यावर घातलेला कापडी बुरखा शिक्षक काळजीनें काढतात. वीज असली तर यंत्र सुरू होतें. नसली तर फळा असतोच. फळ्यावर आकृति निघते : पडदा, कळफलक, माऊस, मधली पेटी. मुलें ती वहींत उतरून घेतात. तिसरीच्या परीक्षेंत प्रश्न येतो, संगणकाच्या चार भागांचीं नांवें लिहा. पांचवींत सहा भागांचीं विचारतात, आठवींत आठांचीं. तिसरीपासून आठवीपर्यंत मुलगा हातभर उंच झालेला असतो. त्याचें संगणकाचें ज्ञान मात्र चार नांवांनींच वाढलेलें असतें. सर्वच शाळांतून असें चालतें असें नव्हे. तथापि हें चित्र ज्यांस अगदींच अनोळखी वाटेल असे पालक फार थोडे निघतील.

भाषेच्या बाबतींत असें कोणी करीत नाहीं. पहिलींत अक्षर, तिसरींत वाक्य, सहावींत पत्र, दहावींत निबंध असा चढता क्रम तेथें ठरलेला आहे. टाक, दौत आणि टीपकागद यांचीं नांवें पाठ करून घेतलीं म्हणजे लेखन शिकवून झालें, असें म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं. मग संगणकाच्याच वांट्यास हें कां यावें? कारण उघड आहे. संगणक शाळेंत आला तो एक मौल्यवान वस्तु म्हणून आला. विचार करण्याची एक रीत म्हणून आला नाहीं. वस्तूचीं नांवें शिकवितां येतात, तिची निगा शिकवितां येते, आणि तेथें विषय संपतो. इयत्तेगणिक चढत जावयाची असते ती यंत्राची ओळख नव्हे, तर यंत्रास नेमकी आज्ञा देण्याची आणि त्यानें दिलेलें उत्तर तपासण्याची मुलाची शक्ति.

हा विचार आजचा नाहीं. सीमोर पेपर्ट हा गणिती १९२८ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथें जन्मला. अगदीं लहान वयांत त्यास मोटारीच्या दांतेरी चाकांचें वेड लागलें, आणि पुढें पाढे व समीकरणें आपणांस त्या चाकांच्या रूपानेंच समजलीं, असें त्यानें स्वतः लिहून ठेविलें आहे. तरुणपणीं त्यानें जिनीव्हा येथें झां पियाजे या मानसशास्त्रज्ञाजवळ कांहीं वर्षें काम केलें. मूल ज्ञान आयतें घेत नाहीं, तें स्वतः घडवितें, हा पियाजेचा सिद्धांत. पेपर्टनें त्यास पुस्ती जोडली ती अशी कीं, घडवावयास कांहीं साहित्य हाताशीं लागतें. १९६७ सालीं अमेरिकेंत सिंथिया सॉलोमन आदि सहकाऱ्यांसह त्यानें मुलांसाठीं 'लोगो' नांवाची आज्ञांची भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत त्या भाषेस एक कासव मिळालें. प्रथम हें कासव म्हणजे जमिनीवर फिरणारें एक लहानसें यांत्रिक वाहन होतें. मागाहून तें पडद्यावर आलें. कासव चाललें कीं त्याच्यामागें रेघ उमटते. त्यास आज्ञा दोनच प्रकारच्या मुख्यतः द्यावयाच्या : इतकीं पावलें पुढें जा, आणि इतके अंश वळ.

चौरस काढणें सोपें आहे. शंभर पावलें पुढें, नव्वद अंश उजवीकडे. हेंच चार वेळां. मौज येते ती त्रिकोणाच्या वेळीं. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असतो हें मुलानें भूमितींत पाठ केलेलें असतें, म्हणून तो बेधडक ६० सांगतो. कासव तीन रेघा काढतें, पण त्या मिटत नाहींत. पडद्यावर उघड्या तोंडाचा अर्धा षट्कोन उभा राहतो. यंत्र रागावत नाहीं, हंसत नाहीं, शून्य गुणहि देत नाहीं. सांगितलें तेवढें करून थांबतें. आतां मुलानें उठावें, स्वतः कासव व्हावें आणि वर्गाच्या फरशीवर खडूनें काढलेल्या त्रिकोणावरून चालावें. कोपऱ्यावर आल्यावर तो किती वळतो? आंतल्या कोनाएवढा नव्हे, तर १८० तून ६० वजा जातां जे उरतात तेवढा, म्हणजे १२०. पूर्ण फेरी करून तो मूळच्या जागीं, मूळच्याच दिशेस तोंड करून उभा राहतो. म्हणजे एकंदरींत ३६० अंश वळलेला असतो, आणि तीन कोपऱ्यांत ३६० वांटले कीं १२० च येतात. मग पंचकोनास ७२ आणि षट्कोनास ६० हें त्यास कोणीं सांगावें लागत नाहीं. एक पाऊल पुढें आणि एक अंश वळण असें ३६० वेळां केलें तर काय दिसेल, हें मात्र मुलास आधीं सांगूं नये; तें वर्तुळ त्याचें त्यासच भेटूं द्यावें.

या प्रकारांत शिकविण्याची जी खरी गोष्ट आहे ती चूक. वहींतील चुकीवर लाल रेघ येते आणि प्रकरण मिटतें. कासवाच्या चुकीस पत्ता असतो : ती अमुक आज्ञेंत आहे, तमुक वळणावर आहे, आणि ती शोधून काढली कीं चित्र बरोबर येतें. चूक म्हणजे अपयश नव्हे, तर शोधावयाची जागा, ही दृष्टि दहा वर्षांच्या वयांत आली तर ती गणितासहि उपयोगीं पडते आणि व्याकरणासहि. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकांत पेपर्टचा सर्व भर येथेंच आहे. शाळांतून बहुतेक ठिकाणीं यंत्र मुलास चालवितें. मुलानें यंत्रास चालवावें, असें त्याचें म्हणणें.

भारतांत शालेय संगणक-साक्षरतेचा पहिला मोठा प्रयोग १९८४-८५ सालीं सुरू झाला. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास 'क्लास' योजना म्हणत. ब्रिटिश नभोवाणीच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठीं तयार झालेलीं 'बीबीसी मायक्रो' यंत्रें तिच्यासाठीं आलीं, आणि अशीं एकंदर १२,००० यंत्रें राज्य सरकारांमार्फत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांस वांटलीं गेलीं. त्यांच्या प्रचलित नमुन्याची स्मृति अवघी ३२ किलोबाइट. आजच्या फोननें घेतलेलें एक साधें छायाचित्रहि तींत मावणार नाहीं. तरी त्यांवर आज्ञा लिहितां येत, चित्रें काढतां येत, कासवहि चालवितां येई. पुढें आठव्या पंचवार्षिक योजनेंत हा उपक्रम केंद्रपुरस्कृत झाला, आणि डिसेंबर २००४ मध्यें माध्यमिक शाळांसाठीं 'आयसीटी' नांवाची नवी योजना आली. यंत्रें बदललीं, त्यांची शक्ति हजारों पटींनीं वाढली. एक गोष्ट मात्र राहून गेली. यंत्र आलें तें माध्यमिक शाळेंत. त्यामुळें नववीच्या मुलापुढें पहिलीचा धडा आला, आणि पहिली ते चौथी या वर्षांत काय शिकवावयाचें याचा विचार कोणास निकडीचा वाटला नाहीं. यंत्र नाहीं तर धडा कसला, असा तो समज. श्रीमंत देशहि यंत्रांच्या संख्येवर विसंबून फसले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, शाळांतील संगणकांवर ज्या देशांनीं भारी खर्च केला त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञान यांतील गुणांत लक्षांत येण्याजोगी वाढ झालेली नव्हती.

आतां गरीब शाळेचा हिशेब मांडून पाहावा. वर्गांत ४० मुलें, यंत्र एक, तास ३५ मिनिटांचा. प्रत्येकास एकट्यानें बसविलें तर वांट्यास एक मिनिटहि येत नाहीं. म्हणून शिक्षक स्वतःच यंत्र चालवितात आणि मुलें पाहतात. त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु हाच हिशेब दुसऱ्या रीतीनें मांडतां येतो. मुलांच्या २० जोड्या कराव्या. प्रत्येक जोडीनें आज्ञा आधीं कागदावर लिहून, एकमेकांस चालवून पाहून, दुरुस्त करून आणाव्या; यंत्रापाशीं तिला पांच मिनिटें मिळावीं. एका तासांत सात जोड्या होतात, तीन तासांत सर्व वर्ग होतो. जोडींत एकानें कळा दाबाव्या, दुसऱ्यानें कागद वाचावा, आणि पुढच्या खेपेस जागा बदलाव्या. पांच मिनिटें थोडीं वाटतात. पण तयार आज्ञा घेऊन आलेल्या मुलास तीं पुरतात. उरलेलीं मुलें त्या वेळांत काय करतात? तीं पुढच्या आज्ञा लिहितात. खरा अभ्यास त्या कागदावरच होत असतो. यंत्र म्हणजे परीक्षक, आणि परीक्षकापुढें कोणी दिवसभर बसत नाहीं.

याच वाटेनें एक पाऊल मागें गेलें कीं पहिली-दुसरीचा प्रश्न सुटतो. त्या इयत्तांस यंत्राची गरजच नाहीं. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथील कँटरबरी विद्यापीठाचे टिम बेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या दशकांत संगणकशास्त्राचे पाठ संगणकाशिवाय देण्याचा जो क्रम बसविला, तो आज अनेक देशांत चालतो. त्यांतील पत्त्यांचा खेळ महाराष्ट्रांतील कोणत्याहि शाळेंत करतां येईल. त्यास जुन्या पुठ्ठ्यावांचून कांहीं लागत नाहीं. पांच पुठ्ठे घ्यावे. एकावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, पुढें चार, आठ आणि सोळा. पांच मुलें ते हातांत धरून ओळीनें उभीं राहतात. पुठ्ठ्याची ठिपक्यांची बाजू समोर असली म्हणजे 'आहे', उलटी असली म्हणजे 'नाहीं'. वर्गानें एक संख्या सांगावी, समजा १९. कोणीं पुठ्ठा दाखवावा? सोळावाल्यानें, दोनवाल्यानें आणि एकवाल्यानें. आठ व चार यांनीं पाठ फिरवावी. शून्यापासून ३१ पर्यंतची प्रत्येक संख्या या पांच पुठ्ठ्यांनीं दाखवितां येते, आणि प्रत्येकीची रीत एकच असते. दुसरीच्या मुलास हा केवळ खेळ वाटतो, आणि तसाच तो वाटूं द्यावा. पांचवींत तोच खेळ पुन्हां घेऊन सांगावें कीं यंत्राच्या पोटांत आहे आणि नाहीं याखेरीज दुसरें कांहींच नसतें. मग अक्षरें कोठें असतात? प्रत्येक अक्षरास एक संख्या नेमून दिलेली असते. इंग्रजीचीं २६ अक्षरें पांच पुठ्ठ्यांत बसतात. मराठीचे स्वर, व्यंजनें व स्वरचिन्हें मिळून ३२ त मावत नाहींत, तेव्हां निदान सहावा पुठ्ठा आणावा लागतो. जगांतील सर्व लिप्यांसाठीं ठरलेल्या 'युनिकोड' या कोष्टकांत 'क' चा क्रमांक २३२५ आहे. त्यास किती पुठ्ठे लागतील हा पांचवीस घरीं करावयास देण्याजोगा प्रश्न आहे, उत्तर बारा.

शोधणें आणि क्रम लावणें हेहि असेच यंत्राविना शिकवावयाचे पाठ. एकानें १ ते १०० मधील एक संख्या मनांत धरावी आणि दुसऱ्यानें "पन्नासाहून मोठी कीं काय?" असें विचारीत निम्मी निम्मी टाकीत जावें, सात प्रश्नांत संख्या सांपडतेच. शब्दकोश उघडणारा मनुष्य न कळत हेंच करीत असतो. चौथीच्या मुलास हें एकदां कळलें कीं यंत्र झटपट शोधतें यांत जादू उरत नाहीं.

अशा पाठांची इयत्तावार जुळणी महाराष्ट्रांतहि झाली आहे. मुंबई येथील आयआयटीचे प्राध्यापक श्रीधर अय्यर व त्यांचे सहकारी यांनीं २००७ च्या सुमारास शाळांसाठीं एक अभ्यासक्रम आंखला, आणि त्यावर 'कॉम्प्युटर मस्ती' हीं क्रमिक पुस्तकें तयार झालीं. यंत्राच्या भागांहून विचारशक्तीस तींत अधिक जागा आहे, आणि पुष्कळशा कृति कागदावर, अंगणांत किंवा वर्गांतल्या वर्गांत करावयाच्या आहेत. पुस्तकें कोणासहि विनामूल्य मिळतात.

तिसरी ते पांचवी या वयांत एक हाताचें काम शिकवून टाकावें, तें म्हणजे टंकलेखन; आणि तें मराठींत शिकवावें. आज पुष्कळ मुलें मराठी शब्द रोमन अक्षरांनीं टंकतात आणि यंत्र त्यांचें देवनागरी करून देतें. सोय खरी, पण आपलें नांव आपल्या लिपींत लिहिण्यास आधीं इंग्रजी स्पेलिंग आठवावें लागणें हें तिसरीच्या मुलावर लादलेलें विनाकारण ओझें आहे. १९९१ च्या भारतीय मानकांत समाविष्ट झालेली 'इन्स्क्रिप्ट' मांडणी मराठी वर्णमालेस धरून आहे. डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें. ज्या कळीवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ज्या कळीवर ग, तिच्यावर घ. वर्णमाला येणाऱ्या मुलास अर्धा कळफलक आधींच पाठ असतो. शिवाय येथें एक सुंदर धडा अनायासें मिळतो. 'क्ष' हें अक्षर पडद्यावर एक दिसतें, पण सांठविलें जातें तीन खुणांनीं : क, पाय मोडल्याची खूण आणि ष. 'कि' ची पहिली वेलांटी दिसते क च्या आधीं, टंकली जाते क च्या नंतर. दिसतें तें एक आणि सांठविलें जातें तें दुसरें, हा संगणकशास्त्रांतील मोठा विचार मराठी मुलास आपल्या जोडाक्षरांतूनच भेटतो. इंग्रजी मुलास तो असा भेटत नाहीं.

सहावी ते आठवी हा आज्ञालेखनाचा काळ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि कोडिंगची सुरुवात याच मधल्या टप्प्यांत सांगितली आहे. पेपर्टचे अनुयायी मिचेल रेझ्निक यांच्या मंडळीनें २००७ सालीं 'स्क्रॅच' हें साधन सर्वांस खुलें केलें. त्यांत आज्ञा टंकाव्या लागत नाहींत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावयाचे असतात, आणि न जुळणारे ठोकळे बसतच नाहींत. क्रम, पुनरावृत्ति आणि अट या तीन गोष्टी येथें पक्क्या व्हाव्या. पहिल्या दोन कासवानें शिकविलेल्या असतात. तिसरी कठीण, तिला रोजच्या व्यवहारांतलें उदाहरण हवें.

असें एक उदाहरण एस. टी. च्या तिकिटांत आहे. पांच वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं, बारा वर्षांपर्यंत अर्धें. २०२२ सालीं ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस प्रवास मोफत झाला. २०२३ सालीं स्त्रियांस निम्में भाडें लागू झालें. सातवीच्या मुलांस सांगावें कीं प्रवाशाचें वय व तो स्त्री कीं पुरुष हें दिल्यावर भाडें ठरविणारी आज्ञावली लिहा. बहुतेक मुलें पहिली अट लिहितील : प्रवासी स्त्री असेल तर निम्में भाडें घ्या. मग ऐशीं वर्षांची आजी गाडींत चढते. यंत्र पहिली अट पाहतें, ती जुळते, आणि जिचा प्रवास मोफत आहे तिच्याकडून निम्में भाडें मागतें. प्रत्येक अट स्वतंत्रपणें बरोबर आहे, आणि तरीहि उत्तर चुकीचें आहे, कारण अटींचा क्रम चुकला. वय आधीं विचारावयास हवें होतें. हें एकदां हाताखालून गेलें म्हणजे सरकारी कचेरींत "यंत्र असेंच दाखवितें" हें उत्तर ऐकून तो मुलगा मोठेपणीं गप्प बसणार नाहीं. यंत्र तसें दाखवितें तें कोणीतरी अटी तशा लिहिल्या म्हणून, हें त्यास ठाऊक असेल. संगणक-शिक्षणाचा नागरिकत्वाशीं संबंध असलाच तर तो येथें आहे.

मुलें हें सर्व आपोआपच शिकतात, त्यांस शिकवावयास कशास हवें, असा एक आक्षेप वारंवार येतो. त्यास आधार म्हणून १९९९ च्या जानेवारींतील दिल्लीचा प्रयोग सांगतात. कालकाजी येथें सुगत मित्र यांनीं वस्तीलगतच्या भिंतींत एक संगणक बसविला आणि मुलांस मोकळें सोडलें. मुलें खरोखरच शिकलीं. वाट पाहावयास लावणाऱ्या वाळूच्या घड्याळाच्या चिन्हास तीं डमरू म्हणूं लागलीं, हा त्यांतला मोठा गोड भाग. यंत्रास हात लावण्याची भीति घालविण्यास शिक्षक लागत नाहीं, एवढें त्या प्रयोगानें निर्विवाद दाखविलें. परंतु खेळ व चित्रें यांच्यापुढें मुलांची मजल फारशी गेली नाहीं, अशी टीकाहि झाली. आज घरोघरीं फोन आहेत आणि तीन वर्षांचें मूल त्यावर बोट फिरवितें. त्यास कौशल्य म्हणावयाचें असेल तर म्हणावें. पण बोट फिरवितां येणें आणि त्रिकोणाचें वळण १२० अंशांचें कां हें सांगतां येणें यांतलें अंतर आपोआप तुटत नाहीं.

नववीपासून पुढें लिहिलेल्या आज्ञांची खरीखुरी भाषा यावी. 'पायथन' ही त्यासाठीं सोपी आहे आणि पुष्कळ शाळांतून ती चालू आहे. गांवच्या पावसाची नोंद, विहिरीची पातळी, शाळेंतील हजेरी असे आंकडे तीस द्यावे. परवलीचा शब्द कोणास सांगूं नये, परक्यास छायाचित्र पाठवूं नये, या गोष्टी मात्र नववीची वाट न पाहतां फोन हातीं आला त्याच दिवशीं सांगाव्या.

या वयासाठीं एक पाठ आज अगदीं आवश्यक झाला आहे. १९६६ सालीं जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकानें 'एलायझा' नांवाची आज्ञावली प्रसिद्ध केली. मनुष्यानें वाक्य लिहावें आणि तिनें त्यांतीलच शब्द फिरवून प्रश्न विचारावा, एवढेंच तिचें काम. तिच्यांत समज अशी कांहींच नव्हती. तरी, वायझेनबाउमनें सांगितल्याप्रमाणें, ती तयार होतांना पाहिलेल्या त्याच्या चिटणीस बाईनेंच तिच्याशीं बोलतांना त्यास खोलीबाहेर जाण्याची विनंति केली. असली एलायझा नववीचीं मुलें आठवड्याभरांत मराठींत करूं शकतात. वाक्यांत 'आई' हा शब्द आला तर "आईविषयीं आणखी सांग", 'भीति' आला तर "भीति केव्हांपासून वाटते?", आणि कांहींच जुळलें नाहीं तर "बरें, मग?" असे दहा नियम पुरे. मग दुसऱ्या वर्गांतील मुलांस तिच्यापुढें बसवावें. तीं चटकन् फसतात. आणि नियम लिहिणारा मुलगा बाजूस उभा राहून पाहतो कीं शहाणपण यंत्रांत नसून समोरच्याच्या मनांत आहे.

नोव्हेंबर २०२२ नंतर प्रश्नांस लिहून उत्तरें देणारीं जीं यंत्रें घराघरांत पोंचलीं, त्यांची घडण एलायझाहून अगदीं निराळी आहे. त्यांत कोणीं दहा नियम लिहिलेले नसतात. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवतें हें तीं शिकलेलीं असतात, आणि त्यामुळें खरी व खोटी गोष्ट सारख्याच ऐटींत सांगतात. मुलांनीं त्यांस आपल्याच गांवाविषयीं विचारावें : ग्रामदैवत कोणतें, ओढा कोणत्या नदीस मिळतो, शाळा केव्हां स्थापन झाली. उत्तर घेऊन वडीलधाऱ्यांकडे जावें, शाळेचें दप्तर पाहावें, आणि प्रत्येक वाक्यापुढें खरें कीं खोटें हें लिहावें. अभ्यासांत या यंत्रांची मदत घ्यावी कीं नाहीं हा वाद मग सोपा होतो. ज्यास तपासतां येतें त्यानें घ्यावी.

हें सर्व शिकवावयाचें कोणीं? इंग्लंडचा अनुभव येथें जपून वाचण्यासारखा आहे. तेथील शाळांतून संगणकाच्या नांवाखालीं मुख्यतः पत्रें व तक्ते टंकण्याचेंच शिक्षण होतें. २०१२ च्या जानेवारींत रॉयल सोसायटीनें त्यावर कडक अहवाल दिला, आणि सप्टेंबर २०१४ पासून पांच वर्षांच्या मुलांपासून आज्ञालेखनाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. कागदावर तो उत्तम होता. परंतु त्याच सोसायटीस २०१७ सालीं पुन्हां लिहावें लागलें कीं, शिक्षकांची तयारी झालेली नाहीं, त्यामुळें शिक्षण कोठें आहे कोठें नाहीं असें विस्कळित झालें आहे. तेथें हें झालें, तर एकाच शिक्षकाकडे एकाहून अधिक इयत्ता असलेल्या आपल्या द्विशिक्षकी शाळेचें काय? तरीहि त्या शिक्षकापाशीं एक गोष्ट असते. पुठ्ठ्यांचा खेळ, संख्येचा शोध, खडूच्या त्रिकोणावरचें चालणें यांसाठीं त्यास पदविका लागत नाहीं. दोन-चार दिवस कोणीं बरोबर बसून हे खेळ खेळविले तरी पुरे. यंत्रदुरुस्तीच्या भीतीनें जे शिक्षक या विषयापासून दूर राहतात, त्यांस बुरख्याआधीं पुठ्ठा हातीं द्यावा.

परीक्षा बदलल्याखेरीज मात्र यांतलें कांहींच टिकणार नाहीं, कारण शाळा शिकविते तें परीक्षेंत येणारें. लिथुएनियांत २००४ सालीं व्हॅलेंटिना डागिएने यांनीं 'बेब्रास' नांवाची स्पर्धा सुरू केली. आतां ती भारतासह अनेक देशांत होते. तींतील कोडीं वयोगटाप्रमाणें चढत जातात आणि तीं सोडविण्यास संगणकाचें पूर्वज्ञान लागत नाहीं. आपल्या घटकचांचणींत असा एक प्रश्न घालणें कोणत्याहि शिक्षकाच्या हातांत आहे. पांचवीस विचारावें : कासवास चौरस काढावयाचा होता, आज्ञा पुढीलप्रमाणें दिल्या, पण आकृति मिटली नाहीं, कोणती आज्ञा चुकली? सातवीस एस. टी. च्या अटी चुकीच्या क्रमानें द्याव्या आणि विचारावें कीं कोणत्या प्रवाशावर अन्याय होईल. त्यासाठीं खोलींत यंत्र नसलें तरी चालतें, आणि त्या दिवशीं वीज गेली तरी पेपर अडत नाहीं.